सायरन आणि आप्पा

स्क्रीनने जे आहे तेवढंच दाखवावं, स्वतः काही करू नये, यावर आप्पा भांडायलाही तयार असत. "स्क्रीन म्हणजे आरसा, भो. आरसाच केस विंचरायला लागला तर मेलो आपण." जळगावकडचे, रागावले की खानदेशी व्हायचे, आणि बहुतेक वेळ रागावलेलेच असायचे.

सायली गावातल्या आमच्या रसायन कारखान्यात वायुगळती दाखवणारी स्क्रीन त्यांनी बनवली होती. टाक्यांची स्थिती एका जागी. चित्र काढणाऱ्या कोडने ती फक्त वाचायची. सायरन वाजवण्यासारखी बाहेरची कामं वेगळ्या कोडकडे. आप्पा याला फंक्शनल पद्धत म्हणत, आम्ही आप्पांचं सोवळं.

नव्या विभागाच्या उद्घाटनाला पाहुण्यांना खोट्या गळतीवर सायरन ऐकवावा, असं कारखान्याचे मालक शेठजी यांना आदल्या संध्याकाळी सुचलं. "एक ही बार बजाना है, आप्पाभाई. उसमें क्या?" आप्पांनी दोन दिवस मागितले. मिळाले नाहीत. मग त्यांनी सायरनचा हुकूम चित्राच्या कोडमध्येच घातला.

स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. त्याच्यामुळे दर सेकंदाला सगळं चित्र नव्याने निघे आणि त्यातल्या हुकमाने सायरनही नव्याने सुरू होई. एकदाच वाजेल असं सांगितलेल्या कामगारांना तो थांबेना तेव्हा गळती खरीच वाटली. सगळे पळाले, पाहुणे शालीसकट. फुलांच्या कमानीखाली चेंगरून एका बाईचा हात मोडला.

"सायरनच काढून टाका," शेठजी म्हणाले.

"चूक माझी आहे, शेठ. मला काढा. सायरन राहू द्या, आत माणसं असतात."

शेठजींना हे सोयीचं वाटलं. शेवटच्या दिवशी आप्पांनी तो हुकूम योग्य जागी हलवला, हाताखाली काम करणाऱ्या मला समजावला आणि निरोपसमारंभाला नकार देऊन निघून गेले. पुढे त्यांना कुठेच काम मिळालं नाही.

यंदा खरी गळती झाली. सायरन वाजला आणि सगळे वेळेत बाहेर पडले. शेठजींना सुरक्षा पुरस्काराची ढाल मिळाली. भाषणात त्यांनी स्वतःच्या दूरदृष्टीचे आभार तेवढे मानायचे बाकी ठेवले. मी जळगावला फोन केला. आप्पा अंथरुणाला खिळले होते. वहिनींनी फोन त्यांच्या कानाला लावला. मी सगळं सांगितलं.

"किती वेळा सुरू झाला?" आप्पांनी विचारलं.

"एकदाच, आप्पा."

पलीकडचा श्वास हळूहळू संथ होत गेला. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "झोपले."

पुढच्या वेळी फोन केला, तेव्हा घरात त्या एकट्याच होत्या.