फुली मारलेल्या चौकोनातला जखमी

गवंडीमामांनी बावीस वर्षं डोंगरावर अडकलेली माणसं खाली आणली. फुकट. फोन आला की थापी तिथंच टाकून निघायचं. आता गुडघे कुरकुरत होते. बचाव पथकाच्या प्रमुख, शाळेतल्या बाई, त्यांना दोरावरून काढून टेबलावर बसवणार अशी कुणकुण होती.

"टेबलावर बसायला मी काय पेपरवेट आहे?" मामा बायकोवर उखडले.

"पेपरवेट जिना चढताना कण्हत तरी नाही," ती म्हणाली.

त्यातच वार्षिक सरावात त्यांना जखमी केलं. पाय मोडल्याचं सोंग घेऊन डोंगरात पडून राहायचं, बाकीच्यांनी शोधायचं. मामांनी ठरवलं, असं लपायचं की पोरांच्या तोंडाला फेस आला पाहिजे. मग बघू कोण कोणाला टेबलावर बसवतं.

पद्धत त्यांना तोंडपाठ होती. पायथ्याच्या खोलीत बाई टेबलावर नकाशा पसरून बसायच्या. डोंगराचे बारा चौकोन, शोधायला तीन तुकड्या. चौकोन पाहून झाला की तुकडीनं वायरलेसवर कळवायचं, बाईंनी फुली मारायची. फुली पडली की तिथं पुन्हा कोणी जात नाही. खरंच काही झालं तर असावा म्हणून मामांकडेही एक वायरलेस होता. पाच नंबरवर फुली पडल्याचं ऐकलं, तसे ते रांगत पाचमध्ये शिरले. मोडक्या पायाचा इतका चपळ माणूस डोंगरानं पाहिला नसेल.

दोन तास गेले. बाईंचा आवाज चढला. मामा झुडपात खूश.

मग तिसऱ्या तुकडीचा बेकरीवाला बोलला, "नऊ नंबर पाहिला. कपारीसकट. कोणी नाही."

नऊ नंबर मामांच्या समोरच, जरा खाली. बेकरीवाला आणि त्याचे दोन सोबती तिथं सपाट दगडावर बूट काढून बिस्किटं खात होते. कपार पन्नास पावलं वर.

मामांनी दात आवळले. बोललो तर सापडलो. सापडलो तर टेबल.

"बरं, नऊवर फुली मारते," बाई म्हणाल्या.

"मारू नका!" मामा वायरलेसमध्ये ओरडले. "खोटं बोलतोय! बूट नाहीत पायात, कपारीत काय जातोय हा! अरे बेकरीवाल्या, खरंच कोणी तिथं पडला असता तर तुझी बिस्किटं संपेपर्यंत मेला असता!"

"मामा," बाई म्हणाल्या, "त्याचे पाय फक्त पाचमधून दिसतात, म्हणजे तुम्ही पाचमध्ये. पाचवर फुली आहे."

"...हो."

"लबाडी केलीत. खाली या. उद्यापासून टेबल तुमचं."

मामा तीन दिवस घरात धुसफुसत राहिले. चौथ्या दिवशी खरा फोन आला, आणि नकाशापुढे मामा बसले.

"सात नंबर पाहिला," बेकरीवाला म्हणाला.

"गुडघ्याला माती लागली?"

"नाही, मामा."

"मग वाकला नाहीस. परत जा."

महिन्याभरात तिन्ही तुकड्यांनी सह्यांचा अर्ज दिला: मामांना पुन्हा दोरावर घ्या, हवं तर आम्ही उचलून नेतो. बाईंनी तो मामांपुढे ठेवला.

मामांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला, आणि नामंजूर केला.