वाळवंटातला हॉर्न

नामिबियाच्या वाळवंटात आमची भाड्याची गाडी खडीच्या रस्त्यावरून चालली होती. तीन तासांत समोरून एकही वाहन आलं नव्हतं. तरी वळण आलं की माझा नवरा अनंत दोनदा हॉर्न वाजवायचा.

"अरे, कुणाला वाजवतोयस? इथे कुत्रंसुद्धा नाहीये."

"सवय," तो म्हणाला.

पुण्यात सोसायटीच्या फाटकाशीही तो असाच दोनदा वाजवायचा. मग आमची लेक सई तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत येऊन हात हलवायची. सईला जाऊन दोन वर्षं झाली. माणूस गेल्याचं आपण सगळ्यांना कळवतो, फोन करून करून थकतो. पण हाताला कोण कळवणार? कानांना? विसरायला म्हणून इतक्या लांब आलो. कसलं डोंबलाचं विसरणं!

दुपारी समुद्र आला. म्हणजे धुकंच आलं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. रस्ता तिथेच संपत होता. अनंतने गाडी थांबवली आणि दोनदा हॉर्न वाजवला.

मी काचेतून वर बघत होते, धुक्यात, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर.