खोबरेल तेलाची बाटली

गोव्याच्या बोटीवर चढताना दाराशी तपासणीचं एक टेबल होतं. बोटीवर दारू न्यायला बंदी; लोकांनी लपवून आणलेली, तपासणीत सापडलेली दारू त्यावर ठेवली होती. शाम्पूच्या, औषधाच्या बाटल्या. त्यांतल्या कितीतरी बायकांच्याच पिशव्यांतून निघाल्या असतील.

ह्यांनी आपली दारू माझ्या खोबरेल तेलाच्या बाटलीत भरली होती. "तुझ्यावर कोण संशय घेतंय? तुला तर तोंडच नाही," म्हणाले होते.

खरंच होतं. हे पिऊन पडले की तीस वर्षं पाहुण्यांना मी "ह्यांना ताप आहे" असंच सांगत आले. झाकणाऱ्या बाईचं तोंड हळूहळू मिटतच जातं.

तपासणारी मुलगी म्हणाली, "जा मावशी."

मी गेले नाही. बाटली काढून टेबलावर ठेवली. "ह्यात दारू आहे. माझी नाही, ह्यांची."

रांगेतले लोक हसले. ह्यांची मान खाली गेली. गोव्यापर्यंत ती वर आली नाही, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.