जनरेटरच्या पोटातल्या अक्षता

नवरा गेल्यावर मला रिसालीच्या घरात एकटीने राहायचे होते आणि मुलाला ते नको होते. भांडण एवढेच. त्यात जनरेटर आला तो वैशाखातल्या वादळामुळे.

स्टील प्लांटच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये होतो तोवर लाइट जाणे आम्हाला फारसे माहीत नव्हते. नवरा प्लांटमधून रिटायर झाला, आम्ही रिसालीत घर बांधले आणि पहिल्याच उन्हाळ्यात कळले, लाइट गेली की बोअरची मोटर बंद. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे चालत, मोटर चालत नसे. म्हणून त्याने पेट्रोलवरचा छोटा जनरेटर घेतला. दरवर्षी पावसाळ्याआधी तो अंगणात मशीन खोलून बसायचा आणि मी त्याला नट खोलायचे पाने, स्क्रूसाठी पेचकस द्यायची. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण कोणता नट कुठून निघाला ते मला दिसत होते. तो गेल्यापासून हे काम मीच करते.

त्या वर्षी माझा हात लागायच्या आधीच वादळ आले. लाइट गेली. मी मशीनवरचे प्लास्टिक काढले, चालू करायची दोरी ओढली, मशीन ढिम्म. वर पाण्याची टाकी रिकामी. शेजारणीने पाणी दिले आणि न विचारता मुलाला फोनही केला. सकाळी तो रायपूरहून हजर.

"आई, झालं आता. हे भंगार विकून टाकू अन् तू चाल माह्यासंग."

"कावून? मी मेली काय?"

"घरात पाणी नाही, मशीन बंद. एकटी काय करशील?"

"मशीन दुरुस्त करीन."

तो हसला. "बरं, कर. तुह्या हातानं चालू करून दाखव. नाही झाली तर बॅग भर."

"अन् झाली तर?"

"तर मी पुन्हा नाव काढत नाही."

"मंग जा, ताजं पेट्रोल घेऊन ये. तेवढं तर जमते ना तुले?"

तो गेला. मशीन चाकांवर आहे, ती ओढत अंगणाच्या मध्यावर आणली. घरात किंवा बंद शेडमध्ये चालवली तर धुराने माणूस मरतो. आधी जुने पेट्रोल काढले. आंबट वास येत होता. काळे झालेले ऑइल काढून नवे भरले, प्लग रेजमालाच्या खरखरीत कागदाने घासला, कार्बोरेटर धुतला. मग हवेच्या फिल्टरचे झाकण उघडले.

आत उंदराने घर केले होते. तांदळाचे दाणे, खोबऱ्याचे तुकडे, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि फिल्टरचा स्पंज कुरतडून केलेली गादी.

दसऱ्याला आम्ही घरातली हत्यारे आणि मशिनी पुजतो. आदल्या दसऱ्याला मुलगा आला होता. त्याने जनरेटरला हार घातला, मूठभर अक्षता टाकल्या, खोबऱ्याचा नैवेद्य ठेवला आणि धूळ बसू नये म्हणून सगळ्यासकट प्लास्टिक बांधून गेला. त्यानंतर लाइट फारशी गेली नाही, म्हणून ते प्लास्टिक कोणी सोडले नाही.

तो कॅन घेऊन आला तेव्हा अक्षता मी ताटलीत काढून ठेवल्या होत्या.

"हे काय?"

"तुही पूजा. प्रसाद उंदरानं खाल्ला."

"मी चांगल्यासाठीच केलं ना!"

"वाईट कोण म्हणून राहिलं? पुढच्या वेळी कुंकू लाव अन् अक्षता देवघरात ठेव."

नवऱ्याच्या हत्यारांच्या डब्यात नवा स्पंज होता, तो बसवला. पेट्रोल भरले, चोक लावला. आता दोरी. माझा उजवा खांदा वर जात नाही.

"सरक, मी ओढतो," मुलगा पुढे आला.

"हात नको लावू. मंग म्हणशील, म्याच चालू केली."

मी समोर पाट टाकून बसले, दोन्ही पाय मशीनच्या चौकटीच्या पाइपाला टेकवले आणि दोन्ही हातांनी दोरी धरून सगळे अंग मागे टाकले. मशीन खोकली, बंद पडली. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

"आई, जिद मत कर. खांदा जाईल."

"खांदा माहा आहे."

पुढच्या झटक्याला ती धूर ओकत सुरू झाली. मी चोक सोडला. आवाज एकसारखा झाल्यावर मोटरची पिन लावली. थोड्या वेळाने वर टाकीत पाणी पडू लागले.

टाकी भरून वाहू लागली तशी त्याने मोटरची पिन काढली. मग म्हणाला, "दरवेळी अशी ओढत बसशील?"

"बसीन. ज्या दिवशी ओढता येणार नाही, त्या दिवशी मी सांगीन तुले. शेजारीण नाही सांगणार."

संध्याकाळी तो एकटाच रायपूरला गेला. बॅग माळ्यावरच होती. मी ती खाली काढलीच नव्हती.