तीन कॉम्प्युटर, एक डबी आणि अण्णांचा ग्रुप

मी अंबाजोगाईत एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

आमच्या घरात तेव्हा कॉम्प्युटर तीन आणि टेबल एकच. एक माझा. दुसरा बायकोचा; ती शिक्षिका आहे, शाळेची सतरा प्रकारची माहिती ती त्यावर भरायची. तिसरा वडिलांचा. किराणा दुकान मोठ्या भावाच्या हवाली करून अण्णा नांदूरघाटहून आमच्याकडे राहायला आले, तेव्हा दुकानातला जुना कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून सोबत घेऊन आले. कपिलधारच्या यात्रेला पायी जाणाऱ्या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप होता आणि त्यावर निरोप टाकायचं काम अण्णांकडे होतं. मोबाइलवरची बारीक अक्षरं त्यांना दिसेनात, म्हणून तो ग्रुप मी त्यांना कॉम्प्युटरवर उघडून दिला होता.

तीन स्क्रीन त्या टेबलावर मावणं शक्य नव्हतं. मी एक स्विचची डबी मागवली. तिन्ही कॉम्प्युटर तिला जोडायचे; स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस मात्र एकेकच. पहिलं बटण दाबलं की माझा कॉम्प्युटर, दुसऱ्याला बायकोचा, तिसऱ्याला अण्णांचा. डबी आली त्या दिवशी मी दोघांना समोर बसवून तासभर व्याख्यान दिलं. "बटण दाबायचं, दिवा लागू द्यायचा, स्क्रीनकडे बघायचं आणि मगच टाइप करायचं." हे सगळं कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलंसुद्धा.

पुढे एके दिवशी दुपारी अण्णा कटिंगला गेले होते. मी पुण्यातल्या एका जुन्या मित्राशी कॉम्प्युटरवर गप्पा मारत होतो. इथे आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. मी दोन बोटांनी टाइप करतो, आणि तेही कीबोर्डकडे बघत. विद्यार्थ्यांना याचा पत्ता नाही. फळ्यावर कॉम्प्युटर शिकवण्याचा हाच मोठा फायदा. बायकोने चहा आणून ठेवला. कपाला जागा करायला मी कोपराने ती डबी जरा सरकवली आणि मान खाली घालून 'ळ' शोधू लागलो.

मी लिहिलं, "घरात सगळे अडाणी आहेत." धाडलं. मग, "म्हाताऱ्याला तीन बटणं शिकवायला आठ दिवस लागले." मग, "मी नसतो तर यांचं काय झालं असतं देव जाणे." मित्राचं उत्तर आल्याचा आवाज काही होईना. मला वाटलं, भारावून गेला असेल. म्हणून चौथं धाडलं, "बोल ना बे, गप्प कावून बसलास?"

आणि मान वर केली.

डबी सरकवताना कोपराने तिसरं बटण दाबलं गेलं होतं आणि समोर कपिलधारच्या मंडळींचा ग्रुप होता. माझी चारही वाक्यं अण्णांच्या नावाने तिथे जाऊन बसली होती. खाली कोणीतरी लिहिलं होतं, "अण्णा, तब्येत बरी हाय ना?" दुसऱ्याने विचारलं होतं, "कोन म्हातारा?"

मी पुसायला माउस धरला, पण कुठे दाबायचं तेच सापडेना. तेवढ्यात बायकोने मागून वाचलं. "सगळे म्हणजे मीपण का हो?" एवढंच विचारून ती आत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

अण्णा आले तेव्हा एका बाजूचे केस कापलेले होते आणि दुसऱ्या बाजूचे तसेच. "कटिंग अर्धी व्हायच्या आत तीन फोन आले," ते म्हणाले. खुर्ची ओढून त्यांनी चारही ओळी सावकाश वाचल्या.

"अण्णा, मी आत्ता पुसून टाकतो."

"समद्यांनी वाचलं की. आता पुसून काय?" मग म्हणाले, "आठ दिवस न्हाई, चारच लागले मला."

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि एका बोटाने, प्रत्येक अक्षरानंतर वर बघत लिहिलं, "वरचं समदं माझ्या पोरानं लिहिलं हाय. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो."

मग उठून उरलेले केस कापायला गेले.

पुढचे दोन दिवस बायको माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि मी भिंतीवरचा कागद गुपचूप काढून टाकला. त्याच महिन्यात अण्णांनी मला कपिलधारला सोबत नेलं. नको म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. वाटेत लोक मुद्दाम जवळ यायचे. "सर, आमाला बी बटणं शिकवा की! लई अडाणी हाव आमी." मी मान खाली घालून चालत राहिलो. अण्णांना मात्र तो किस्सा सगळ्यांना सांगत चालण्यात भलतीच मजा येत होती.

धबधब्याजवळ बसलो असताना अण्णांच्या वयाचे एक गृहस्थ शेजारी येऊन टेकले. तेही चिडवणार असं धरून मीच आधी हात जोडले. ते म्हणाले, "तुमी निदान दोस्ताला बापाबद्दल सांगताव तरी. माझा पोरगा तर माझ्याबद्दल वाईटसुद्धा बोलत न्हाई कुणाकडं."

त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "फोन आलेला ऐकूच येत न्हाई," म्हणाले. त्याचा आवाज फार कमी ठेवलेला होता. तो वाढवून दिला; तेवढं मला जमलं.