आबांची घागर

शिंदखेड्याला एसटीतून उतरले आणि उन्हानं अंगाची लाही झाली. तरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलं नाही तर मला वर्षभर चुटपुट लागते. धाकटा भाऊ संजू मोटारसायकल घेऊन उभाच होता. लहानपणी या वाटेला दोन्हीकडे ज्वारीची धसकटं असायची. आता अद्रकीचे (आल्याचे) रिकामे वाफे आणि गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या.

"ऊनी का माय!" (आलीस का गं!) म्हणत आईनं दारातच कुरवाळलं. फरशी, गच्ची, वहिनीचा ऐसपैस ओटा, हे सगळं अद्रकीनं दिलं. खोटं कशाला बोलू? वडील, म्हणजे आबा, होते तोवर आमच्या डोक्यावर पत्रेच होते. वहिनीनं तांब्याभर पाणी दिलं, तेही विकतच्या जारमधलं.

"विहीर आटली का रे?"

"पाणी शे, पण पेवानं नई." (आहे, पण प्यायचं नाही.) संजू म्हणाला. "कंद सडू नये म्हणून औषधं सोडावी लागतात, अक्का. झिरपतातच ती."

संध्याकाळी मी आणि संजू विहिरीवर गेलो. निंबाला आखाजीचा झोका बांधलेला होता. मी या वयात बसले की हो त्यावर! लहानपणी आम्ही इथं मोटारीच्या (पंपाच्या) धारेला ओंजळ लावून पाणी प्यायचो, किती गार असायचं ते!

"आखाजी झाली की इथं ट्रॅक्टर घालतोय," संजू म्हणाला. "एकदा अद्रक घेतलेल्या जमिनीत लगेच पुन्हा लावली की सडते. बठ्ठं वावर (सगळं शेत) घेऊन झालं. ताजा तुकडा हाच उरला."

"आणि निंब?"

तो झोक्याखालची जमीन पावलांनी मोजू लागला.

आखाजीच्या सकाळी वहिनीनं आबांच्या नावाची घागर जारच्या पाण्यानं भरली. आईनं ती तुळशीत रिकामी केली. पितरांना विहिरीचंच पाणी लागतं, म्हणाली. संजूनं निमूट भरून आणलं. घागरीवर डांगर (खरबूज) ठेवलं, पूजा झाली. त्यातलं घोटभर पाणी सगळ्यांनी प्यायचं, ही आमच्या घरची रीत. सवयीनं मी पेला तोंडाला लावला, तर संजूनं हिसकावूनच घेतला.

"पिऊ नको, अक्का!"

आई घागरीकडे बघत हळूच म्हणाली, "बापले चालस, बहीणले काब्र नई?" (बापाला चालतं, बहिणीला का नाही?)

संजू तडक अंगणात गेला. फोनवर बोलताना ऐकू आलं, "ट्रॅक्टर नको. विहिरीचा तुकडा राहू दे." मग पुरणपोळी गार होईपर्यंत तो आत आलाच नाही.

निघताना त्यानं माझ्या पिशवीत अद्रक कोंबली. घरी येऊन चहात ठेचून घातली, काय झणझणीत लागली! निंब वाचला म्हणून मी खुशीत होते. तेवढ्यात त्याचाच फोन आला. आमच्या शेतापलीकडच्या नानांचं वावर अद्रकीसाठी भाड्यानं करायला घेतलं, म्हणाला. मुलांची शिक्षणं आहेत, सोडून कसं चालेल? मला पटलंच ते. तरी राहवेना.

"नानांच्या वावरात विहीर आहे का रे?"



"शे ना, अक्का."