पूजेतली केबल

गॅरेजवाल्याशी बोलावं लागू नये म्हणून मी केबल मागवली. घरी मात्र सांगितलं, "मला टेक्नॉलॉजीत इंटरेस्ट आहे." आमचा गॅरेजवाला माझ्या प्रश्नाचं उत्तर बाबांकडे बघून देतो, आणि इंग्लिश मीडियममुळे रागावायचं वाक्य माझ्या मनात मराठीत जुळेपर्यंत तो दुसऱ्या गाडीखाली गेलेला असतो.

केबलचं एक टोक स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये, दुसरं लॅपटॉपला. सॉफ्टवेअर उघडलं की गाडी स्वतःबद्दल सगळं सांगून टाकते. मला ते आवडलं. मी स्वतः असं कुणाला काही सांगत नाही. पहिल्याच दिवशी मी गाडीने वेग घेताच दारं आपोआप लॉक होतील अशी सेटिंग केली. बाबांनी ते अख्ख्या सोसायटीला सांगितलं. "आमची मुलगी गाडी प्रोग्राम करते." मी आठवडाभर लिफ्ट टाळून जिन्याने गेले.

खंडेनवमीच्या दुपारी मी आणखी एक सेटिंग बदलली आणि मागचं दार उघडलं की हॉर्न कोकलायला लागला. किल्लीने लॉक केल्याशिवाय थांबेना. तशी काळजी नव्हती, सेटिंगच्या मूळ आकड्यांचा फोटो माझ्याकडे होता. मी सगळ्याचेच फोटो काढून ठेवते, उद्या कुणी आरोप केला तर असावेत म्हणून. तेवढ्यात आईने झेंडूच्या माळा ओवायला बोलावलं. केबल जेवणाच्या टेबलावर टाकून मी गेले.

तासाभराने केबल देवघरासमोर पाटावर होती. नवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं पुजतात: विळी, कात्री, बाबांच्या पाना-पकडीचा डबा. त्या रांगेत यंदा माझी केबल, हळदकुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल. "तुझंही हत्यारच ना ते," आई म्हणाली. माझ्या कुठल्याही मार्कशीटला तिने कधी फूल वाहिलं नव्हतं.

पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत उचलायची नसते. शाळेत असताना याच नियमाच्या भरवशावर मी गणिताची सगळी पुस्तकं पूजेला ठेवायचे. आता उत्तरपूजा दुसऱ्या दिवशी दुपारी होती, आणि बाबा सकाळीच सोसायटीसमोर गाडीची पूजा करून आत्याला आणायला देवळ्याला निघणार होते. पूजेला चारही दारं उघडतात. बाबांची मुलगी काय प्रोग्राम करते ते सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

'आई, केबल देतेस का?' एवढंच विचारायचं होतं. त्याऐवजी मी चोरी करायचं ठरवलं.

सकाळी आई आंघोळीला गेल्यावर मी केबल उचलली. मागे दाराची कडी वाजली.

"खाली ठेव."

"आई, मी फक्त..."

"काय बिघडवलंस?"

"मागचं दार उघडलं की हॉर्न वाजतो."

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"मग काल दुपारपासून तोंडात काय होतं, झेंडू?"

तिने ओल्या केसांनीच केबलवर अक्षता वाहिल्या आणि ती इंचभर सरकवली. झाली उत्तरपूजा, एकट्या केबलची. "घे. पण बाबांना तू सांगायचं. मी मध्ये पडणार नाही."

खाली बाबा गाडी पुसत होते. शेजारचे काका नारळ घेऊन उभे होते. ते जायची मी वाट पाहिली. ते जाईनात.

"बाबा, मी गाडी बिघडवलीय."

काका खो खो हसले. "नवीन प्रोग्राम वाटतं!"

बाबा हसले नाहीत. हातातलं फडकं झटकून त्यांनी माझ्यासाठी ड्रायव्हरचं दार उघडलं. "बस. किती वेळ?"

"दहा मिनिटं."

अर्धा तास लागला. त्यातला निम्मा केबलच्या पिनांमधलं कुंकू टूथपिकने काढण्यात गेला. काका नारळासकट खिडकीत वाकून बघत होते. तिसऱ्या प्रयत्नात लॅपटॉपने केबल ओळखली, मी फोटोतले आकडे जसेच्या तसे भरले आणि मागचं दार उघडलं. शांतता.

पूजा उरकली आणि बाबांबरोबर मीही निघाले. देवळ्यात आत्या दोन पिशव्या घेऊन तयार होती. मागच्या दाराला हात घालून बाबा थांबले.

"उघडू?"

"उघडा."

हॉर्न वाजला नाही. पिशव्या मांडीवर घेऊन बसत आत्याने विचारलं, "काय रे, फोनवर सांगत होतास, ही गाडीचं काय करते म्हणे?"

बाबांनी गाडी सुरू केली. "आधी बिघडवते," ते म्हणाले, "मग दुरुस्त करते."